आरोग्याच्या दोन गोष्टी : गुंडाळलेला सेफेर आणि आजीचा पंप



मागे मिल्टन कीन्सला एका घरी मलिद्याला जमलो होतो. वाटप झालं आणि एका आजींना दम्याची उबळ आली. निळा पंप ओढला, बरं वाटलं. "आणि रोजचा तपकिरी?" आम्ही विचारलं. "तो बंद केला. स्टेरॉइड आहे ना, नको बाई!" नातू म्हणाला, "पण आजी, तो आत जाऊन करतो काय?" कोणालाच सांगता येईना. म्हणून आज तेच.

मुलांनो, सेफेर तोरा केवढा लांब! पण गुंडाळून कपाटात मावतो आणि शब्बाथला त्या दिवसाचा भागच उघडतात. आपल्या शरीराचंही तसंच. एकेका पेशीत सुमारे 2 मीटर लांब डीएनए असतो. तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. या सगळ्या गुंडाळीला क्रोमॅटिन म्हणतात. अक्षरं सगळ्या पेशींत जवळजवळ सारखीच. डोळ्याची पेशी एक भाग उघडते, फुप्फुसाची दुसरा. उघडझाक करायला आणखी प्रथिनं असतात, आपल्या शामाशसारखी.

धूळ, जंतू आले की दाहाचे भाग उघडतात. हिस्टोनवर छोट्या खुणा चिकटतात, गुंडाळी सैल होते, सूज येते. जखम भरायला ती हवीच. पण काम झाल्यावर सेफेर मिटायला हवा. दम्यात तो मिटतच नाही. तपकिरी पंपातलं स्टेरॉइड एचडॅक-2 नावाच्या प्रथिनाला तिथे आणतं. ते खुणा पुसतं आणि गुंडाळी पुन्हा घट्ट होते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातले पीटर बार्न्स आणि सहकाऱ्यांना दिसलं की विडी-सिगारेटच्या धुराने हेच प्रथिन कमी होतं. म्हणून सीओपीडी झालेल्यांना स्टेरॉइड कमी लागू पडतं. आजोबा, ऐकताय ना?

आपल्या पुण्यातही हे काम झालंय. गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र आहे. तिथे समित चट्टोपाध्याय यांच्या गटाने स्मार-1 या प्रथिनाचा अभ्यास केला. दाह आवरणाऱ्या पेशींतून ते काढलं, तर उंदरांच्या आतड्यांची सूज बळावली. म्हणजे आवरणाराच गेला, की घरात दंगा!

स्टेरॉइड म्हणजे विष नव्हे, आणि खाऊही नव्हे. 2020 साली ऑक्सफर्डच्या रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. ज्यांना ऑक्सिजनही लागत नव्हता, त्यांना मात्र फायदा दिसला नाही. योग्य वेळी, योग्य माणसाला, एवढंच.

तेव्हा वडीलधाऱ्यांनो, रोजचा पंप मनाने बंद करू नका. बरं वाटतं ते त्याच्यामुळेच. ओढल्यावर चूळ भरा, नाहीतर तोंड येतं. बरेच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तर एकदम थांबवू नका. शरीर स्वतःचं तयार करायचं विसरलेलं असतं. शंका असली तर डॉक्टरला विचारा, शेजारणीला नको!

त्या आजींचा पंप आता नातू रोज सकाळी आठवणीने हातात देतो. पुढच्या अंकात भेटूच.