किल्ली कोणाच्या खिशात?



भिलाईच्या पोलाद कारखान्यात १९६० पासून रेल्वेचे रूळ तयार होतात. त्या रुळांवरून धावणारे चाक झिजले की लेथवर चढते. आता ही लेथ मशीनेही सीएनसी झाली, आणि साहेब म्हणू लागले, "टर्नरला डोके लागत नाही, बटण दाबले की झाले. मग वरची ग्रेड कशाला?"

हे धादांत खोटे आहे. सोप्यात सोपी आज्ञा घ्या, सरळ रेषेत कापण्याची. जी-०१ लिहायचे, टूल कोठवर न्यायचे ते एक्स आणि झेडमध्ये सांगायचे, एफमध्ये फीड. झाले! पण चाकाच्या जुन्या प्रोफाइलला २० ला १ उतार. आडवे ६० मिलिमीटर गेल्यावर त्रिज्येत ३ मिलिमीटरचा फरक पडतो. लेथवर एक्स बहुधा व्यासात मोजतात, म्हणून तेथे फरक धरायचा ६. पुस्तकी माणसाने ३ धरला तर उतार ४० ला १ होतो, आणि मशीन निमूटपणे तसाच कापते. त्याला काय! शिवाय स्किड झालेले चाक जागोजागी कडक पडते. वरवरचा कट घेतला की टिप तुटते. कडक थराखाली जायचे, फीड कमी करायचा, हे टर्नरला आवाजावरून कळते.

एका कारखान्यात मी पाहिले. एका आकड्याची चूक सर्वांना दिसत होती, पण प्रोग्रॅम दुरुस्तीची किल्ली साहेबांच्या ड्रॉवरमध्ये, आणि साहेब रजेवर. मशीन पाळीभर उभे. कमी उत्पादनाचा मेमो मात्र टर्नरला!

हा दोष यंत्राचा नव्हे. १९५२ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये हवाई दलाच्या पैशाने आकड्यांवर चालणारे मिलिंग मशीन दाखवले गेले. त्याच सुमारास दुसरीही पद्धत होती. कारागीर एक नग स्वतः करी, त्या हालचाली फितीवर नोंदल्या जात, मशीन त्या पुन्हा करी. मालकांनी ती मागे टाकली. कामाचा ताबा कामगाराकडून काढून घ्यायचा होता, असे इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी १९८४ च्या ग्रंथात मांडले. उलट १९७० च्या दशकात नॉर्वेतील कॉंग्सबर्गच्या शस्त्र कारखान्यात युनियन जागी होती, म्हणून तेथे कामगारच प्रोग्रॅम दुरुस्त करीत.

टपालातील बांधवांनो, हे लेथवाल्यांचे रडगाणे समजू नका. काउंटरवरचा संगणक अडला की शिव्या तुम्हीच खाता, आणि दुरुस्तीचा अधिकार दुसऱ्याकडे असतो.

शाखांनी पुढल्या पी.एन.एम. बैठकीच्या कार्यसूचीत हा विषय घालावा. किल्ली प्रत्येक पाळीत टर्नरकडे हवी. प्रोग्रॅमिंगचे शिक्षण कामाच्या वेळेत, पगारी हवे, आणि जो प्रोग्रॅम दुरुस्त करील त्याला ग्रेड मिळालीच पाहिजे. साहेबांना किल्ली स्वतःकडेच ठेवायची असेल, तर त्यांनी रात्रपाळीलाही यावे.