परसातला गोड मका

मका आमच्या भागाला नवा नाही. छिंदवाडा जिल्हा त्यासाठीच प्रसिद्ध आहे. २०१८ साली तेथे मका महोत्सवही भरला होता. २०२३ मध्ये सौंसर आणि पांढुर्णा हे तालुके त्यातून वेगळे होऊन नवा पांढुर्णा जिल्हा झाला व आमचे लोधीखेडाही त्यात आले. परंतु पावसाळ्यात चुलीवर भुट्टे भाजण्याची रीत काही बदलली नाही. असे असताना परसात मका लावून फसावे, ही एका मुख्याध्यापकाला शोभणारी गोष्ट नव्हे. तरीही ती घडली, आणि वाचकांनी माझ्या चुकीतून शिकावे म्हणून सांगतो.

आमच्या मातोश्रींचे वय पंचाऐंशीच्या घरात. दात जवळपास नाहीतच. पण कोवळ्या मक्याची आवड कायम. त्यांच्यासाठी गोड मक्याचे बियाणे आणले आणि जूनमध्ये कुंपणालगत एका ओळीत टोबले. झाडे डोक्याएवढी झाली. पोळ्याच्या सुमारास कणीस सोलले, तर निम्मे बोडके, आणि जे दाणे होते ते निबर व पिठूळ. आई म्हणाली, "काहून रे, ढोराईचा मका आनला काय?" मी म्हणालो, "पुढच्या वर्षी पाहू." शब्द तोंडातून गेले आणि मनाला लागले. त्या वयाच्या माणसाला पुढच्या वर्षाचा वायदा कोणत्या तोंडाने करावा?

मग दोष शोधू लागलो. मक्याचे परागण वाऱ्यावर चालते. शेंड्यावरील तुऱ्यातून पराग झडतो व कणसाच्या रेशमी केसांवर पडतो. प्रत्येक केस एकेका दाण्याचा. ज्या केसाला पराग मिळाला नाही, तेथे दाणाच नाही. एका ओळीतला पराग वारा बाहेर उडवून नेतो. म्हणून तेवढीच झाडे चार आखूड ओळींत, चौकोनी वाफ्यात लावावीत.

दुसरा दोष कुंपणापलीकडचा. गोडवा हा मक्याचा दबणारा गुण आहे. साध्या मक्याचा पराग पडला, की त्याच कणसातला तो दाणा पिठूळ होतो. दोन्हींत सुमारे अडीचशे मीटर अंतर हवे. परसात ते कोठून आणावे? तेव्हा अंतर काळाचे ठेवावे. दोहोंच्या फुलोऱ्यांत तीन आठवडे तरी जावेत.

शेतांतला मका ऑगस्टमध्ये फुलून गेला. वर्षभर थांबण्याचे कारणच उरले नाही. दसऱ्यानंतर लगेच वाफा केला. भरपूर शेणखत घातले, कारण हे पीक खादाड आहे. काळ्या जमिनीत पाणी साचू नये म्हणून वरंबे काढले. दोन ओळींत दोन फूट व दोन झाडांत वीतभर अंतर ठेवले. गोड मक्याचे बी सुरकुतलेले, अशक्त असते. ते इंचभरच खोल टोबावे. अलीकडे लष्करी अळीचा त्रास आहे. २०१८ साली ती भारतात प्रथम आढळली. रोज सकाळी पोंगे पाहून अळ्या हाताने वेचल्या. तुरा येताना पाण्याचा ताण पडू दिला नाही, आणि सकाळी तुरे हलकेच हलवून पराग केसांवर पाडला.

केस तपकिरी होऊन वाळू लागले, की दाण्याला नख लावून पाहावे. पाण्यासारखा रस आला तर थांबावे. दुधासारखा आला तर त्याच दिवशी तोडावे. थंडीत याला दोन-चार दिवस अधिक लागतात. तोडल्यावर साखरेचे पिठात रूपांतर सुरू होते. उन्हाळ्याच्या उष्णतेत एका दिवसात निम्म्याहून अधिक गोडवा जातो. म्हणून आधी चुलीवर पाणी ठेवावे, मगच परसात जावे.

आम्ही संक्रांतीच्या सकाळी तसेच केले. उकडलेले दाणे सुरीने खरवडून वाटीत दिले. आईने वाटी संपवली आणि पुन्हा पुढे केली. ढोरांचे नाव या खेपेस निघाले नाही. ताटे मात्र गाईलाच घातली.