माळरानाचे मोल

बारामतीतील शिर्सुफळ व इंदापुरातील कडबनवाडी येथे वनखात्याने २०२४ साली माळरान सफारी सुरू केली. वाटाड्यासोबत चिंकारा, लांडगा पाहावा; उजनीचे पाणी ओसरले असता पळसदेवचे पुरातन मंदिर पाहावे, अशी दोन-तीन दिवसांची सहल आता आखता येते. हे स्वागतार्हच होय. परंतु धरणासाठी पळसदेवकरांनी गाव गमावले. लाभ मात्र दूरवर वाटला गेला. ‘पडीक’ गणलेल्या माळावरही लांडगा जगला तो धनगरांच्या मेंढरांवर. हा तोटाही हिशेबात धरायला हवा. तेव्हा सफारीच्या उत्पन्नाचा ठरावीक वाटा मेंढपाळांच्या तत्काळ भरपाईसाठी राखून ठेवावा. मेंढपाळ तगला, तरच लांडगा तगेल.