उद्योग उभारणाऱ्याचे मन विझते तेव्हा

नोकरदाराला रविवार असतो, सणासुदीची रजा असते. फार झाले तर घरी येऊन साहेबाच्या नावाने बोटे मोडता येतात. स्वतःचा उद्योग काढणाऱ्याला यातले काहीच नाही. साहेबही तोच आणि शिपाईही तोच. कामगारांचे पगार, बँकेचा हप्ता, अडकलेली बिले हे सारे रात्री त्याच्या उशाशी येऊन बसते. पहिली काही वर्षे उमेद या सगळ्याला पुरून उरते. मग एके दिवशी दुकानाचे शटर उचलायलाही हात धजत नाही. धंदा चांगला चाललेला असतो, पण चालवणाऱ्याचे मन विझलेले असते.

या अवस्थेला ‘बर्नआउट’ हे नाव रूढ केले ते न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी, १९७४ मध्ये. दिवसभर स्वतःचा व्यवसाय सांभाळून संध्याकाळी ते एका मोफत दवाखान्यात काम करीत. तिथले उत्साही सहकारी, आणि स्वतः तेही, हळूहळू कोळपून गेल्याचे त्यांच्या ध्यानात आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या अवस्थेची नोंद रोग म्हणून नव्हे, तर कामातून उद्भवणारी स्थिती म्हणून केली. तिच्या खुणा तीन: शक्ती संपल्यासारखा थकवा, कामाविषयी अलिप्तपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना.

घरच्यांनी कसे ओळखावे?

ज्याला हे होते त्याला ते सहसा उमगत नाही. प्रथम दिसते ते घरातल्यांना. ताटावर बसलेला माणूस काय खाल्ले ते सांगू शकत नाही. झोप लागत नाही, लागली तर सकाळी ताजेतवाने वाटत नाही. ज्या गिऱ्हाइकांची पूर्वी चहा पाजून वास्तपुस्त होई, त्यांचा फोन आला की कपाळाला आठ्या पडतात. “अहो, दोन दिवस गावी जाऊन येऊ या,” असे पत्नीने म्हटले, तर “मी गेलो तर इथे कोण बघणार?” हे उत्तर ठरलेले. हे महिनोन्‌महिने चालले, तर ‘स्वभावच तापट झाला आहे’ म्हणून सोडून देऊ नये.

लखनौमधले एक उदाहरण

विश्रांती घेतली की सगळे ठीक होते, अशी आपली समजूत असते. ती किती अपुरी आहे, हे लखनौमध्ये घडलेल्या एका जुन्या हकिकतीतून कळते. ई. स्टॅन्ली जोन्स हे अमेरिकन मिशनरी १९०७ मध्ये, ऐन तेविशीत, लखनौच्या लालबागमधल्या मेथॉडिस्ट चर्चचे काम पाहण्यासाठी भारतात आले. ते व्यापारी नव्हते; पण नवे काम उभे करण्याची ओढ आणि सारा भार आपल्याच डोक्यावर घेण्याची सवय, या दोन्ही गोष्टी कोणत्याही उद्योजकासारख्याच होत्या. लखनौनंतर सीतापूर आणि आसपासचा मुलूख असा व्याप वाढत गेला. साडेआठ वर्षांत शरीर आणि मन दोन्ही थकले. वर्षभराच्या विश्रांतीसाठी त्यांना अमेरिकेला पाठवण्यात आले.

वर्ष संपवून ते परत निघाले आणि वाटेत मनिलात व्याख्याने देताना पुन्हा कोसळले. भारतात पोचल्यावर थंड हवेच्या ठिकाणी राहिले. खाली उतरून काम हाती घेतले की तीच गत. पुन्हा डोंगरावर, पुन्हा खाली, पुन्हा तेच! हे काम सोडावे आणि अमेरिकेत जाऊन शेतावर राबावे, इथपर्यंत विचार आले.

सुमारे १९१७ मध्ये लखनौमध्येच प्रार्थना करीत असताना त्यांना वाटले, की आपली शक्ती संपली आहे, हे आपण कबूल करावे आणि कामाची चिंता देवावर सोपवावी. त्या दिवसापासून मनावरचे ओझे उतरले, असे त्यांनी पुढे लिहिले. श्रद्धावान वाचक याला देवाची कृपा म्हणतील. तशी श्रद्धा नसलेल्यांनाही एक गोष्ट घेता येईल. काम तेच राहिले, पण ‘सर्व काही माझ्यावरच अवलंबून आहे’ ही भावना सुटली. नुसत्या हवापालटाने जे झाले नव्हते, ते तिथून सुरू झाले.

पुढचे त्यांचे वागणेही पाहण्यासारखे आहे. १९२८ मध्ये बिशप म्हणून निवड झाली, तर त्यांनी ते मानाचे पद लगेच नाकारले. आपले काम कोणते आणि कोणते नाही, हे त्यांनी ठरवून टाकले होते. १९३० मध्ये कुमाऊंतल्या सातताल येथे आश्रम काढला. तिथे आलेल्यांनी आरंभीच आपली अडचण सर्वांसमोर बोलून दाखवायची, असा परिपाठ होता. १९५० मध्ये लखनौमध्ये ‘नूर मंझिल’ हे मानसोपचार केंद्र त्यांनी स्थापन केले. ज्या शहरात स्वतः खचून गेले, तिथेच खचलेल्यांसाठी दार उघडले! १९७३ मध्ये बरेलीत, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मग करावे काय?

पहिली गोष्ट म्हणजे कामाची वाटणी. लखनौच्या चिकनचा कुडता पाहा. कापणारा वेगळा, शिवणारा वेगळा, ठशांनी नक्षी छापणारा वेगळा, टाके घालणाऱ्या बायका वेगळ्या आणि शेवटी धुणारा वेगळा. धंद्याचा मालक मात्र खरेदी, विक्री, हिशेब, वसुली सगळे एकट्याने करू पाहतो. कोणती तीन कामे आपल्याशिवाय होणारच नाहीत, तेवढी लिहून काढावीत. बाकीची हळूहळू दुसऱ्याच्या हाती द्यावीत. तो चुकेल, थोडे नुकसान होईल. ते शिकवणुकीची फी समजावे.

दुसरी गोष्ट झोपेची. ‘झिरोधा’चे संस्थापक नितीन कामत यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये स्वतःला सौम्य पक्षाघात झाल्याचे जाहीर केले. वडिलांचे निधन, अपुरी झोप आणि थकवा ही त्यांनी सांगितलेल्या संभाव्य कारणांतली काही. नियमित व्यायाम करणाऱ्यालाही शरीर विश्रांतीची उधारी फार दिवस देत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे बोलणे. धंद्यातली तंगी अनेक पुरुष घरी लपवतात. घाबरतील, असे त्यांना वाटते. पण घरच्यांना कळतेच. फक्त नेमके काय ते कळत नाही, आणि म्हणून भीती दुप्पट होते. आठवड्यातून एकदा खरा आकडा सांगावा. पत्नीने, आईने त्या वेळी ‘मी आधीच सांगत होते’ हे वाक्य मात्र गिळून टाकावे.

एवढ्याने भागत नसेल, सतत उदास वाटत असेल, दारूचा आधार वाढला असेल, किंवा ‘आपण नसलेलेच बरे’ असे बोलणे कानावर पडले, तर वाट पाहू नये. मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, आणि मराठीतूनही, बोलता येते.

धंदा बुडाला तर पुन्हा उभा करता येतो. उभा करणारा माणूस मात्र घरात एकच असतो. त्याच्या दुकानाची जितकी काळजी घेता, तितकी त्याचीही घ्या.