‘आणि त्यांचे सहकारी’

कथेतील नायक वाचकाचे लक्ष वेधून घेतो; परंतु कथेचा डोलारा तोलून धरतात ती दुय्यम पात्रेच. जपानी चित्रकथाकार ओसामु तेझुका (१९२८–१९८९) यांनी हे नेमके ओळखले होते. ‘हिगेओयाजी’ हा त्यांचा झुबकेदार मिशांचा, तापट पण सज्जन म्हातारा एका कथेत गुप्तहेर असतो, तर दुसरीत आतोमु या यंत्रबालकाचा शिक्षक. नायक बदलतात, हा मात्र पुनःपुन्हा भेटतो आणि म्हणूनच स्मरणात राहतो.

कथेचा हा नियम इतिहासालाही लागू आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पंधरा वर्षांच्या शिरीषकुमार मेहता याच्यासह लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा यांना हौतात्म्य आले. शिरीषकुमारचे नाव आज सर्वतोमुखी आहे, आणि ते उचितच होय. उरलेल्या चौघांची बोळवण मात्र बहुधा ‘आणि त्यांचे सहकारी’ या तीन शब्दांत होते. बंदुकीच्या गोळीने नायक आणि सहनायक असा भेद केला नव्हता. तो आपल्या विस्मरणाने केला.

यावरील उपायास ना निधी लागतो, ना शासननिर्णय. शिक्षकांनी वर्गात आणि वक्त्यांनी व्यासपीठावर पाचही नावे दरवेळी पूर्ण उच्चारावीत, एवढे पुरेसे आहे. एका काल्पनिक म्हाताऱ्याला जे लाभले, ते खऱ्या हुतात्म्यांना नाकारणे ही कृतघ्नता ठरेल.