कात्रीची बाजू

बुवापाड्यात राहतो म्हटलं की पाव्हणे हमखास विचारतात, "म्हणजे तिथे कुणी मोठे बुवा आहेत का हो?" बुवा नाहीत. पण एकदा बुवाबाजी झाली, आणि ती मीच केली, असं निदान छायाचित्रांच्या एका स्पर्धेतल्या परीक्षकांचं मत पडलं.

त्याचं असं झालं. ते दिवस फिल्मचे. मलंगगडाची निगेटिव्ह मी दाढीच्या पात्याने आडवी कापली, खाली वालधुनीच्या पाण्याचा तुकडा उलटा जोडला आणि आभाळाच्या जागी ओल आलेल्या भिंतीचे पोपडे बसवले. हे सगळं न्हाणीघरात, तांबडा दिवा लावून. बाहेर बादली घेऊन खोळंबलेलं कुटुंब कलेविषयी जे बोलायचं, ते छापण्याजोगं नाही. दोन तुकड्यांत केसभर फट राहिली तर तिच्यातून उजेड घुसतो आणि कागदावर काळी रेघ उमटते. तुकडे एकमेकांवर चढले तर फिकी. माझ्या चित्रात दोन्ही होत्या. डोंगर डोंगर राहिला नव्हता, पाणी पाणी राहिलं नव्हतं. उरले होते नुसते काळे-पांढरे आकार. तरी शेजारच्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "अरे, हे तर आपल्याकडचं!"

परीक्षक म्हणाले, "हा निसर्ग नव्हे, ही फसवणूक! कॅमेऱ्याने पाहिलं तेवढंच खरं."

पहिलं बक्षीस मिळालं आमच्या शिवमंदिराच्या फोटोला. देऊळ १०६० सालचं. त्याच्याशी भांडण्याची माझी प्राज्ञा नाही. पण देवळाशेजारची वालधुनी फोटोत नव्हती. ती आली असती तर तिच्यावरचा फेस आणि काठावरच्या चिंध्याही आल्या असत्या. म्हणून फोटोवाले चार पावलं डावीकडे सरकले आणि नदी गेली! आता माझी कात्री लबाड आणि त्यांची चार पावलं सात्त्विक, हा कुठला न्याय? कापलं दोघांनीही. फरक इतकाच, की माझी शिवण दिसते.

बरं, ही कात्री काय मी शोधली? मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली. तिच्या संस्थापकांतले विल्यम जॉन्सनसाहेब. त्यांनी मुंबईतल्या नाना जातीजमातींच्या माणसांचे फोटो एकीकडे घेतले आणि दुसऱ्याच फोटोंतल्या देवळा-इमारतींपुढे नेऊन उभे केले. १८६३ आणि १८६६ साली लंडनमध्ये त्याचे दोन खंड निघाले. साहेबाने केलं ते शास्त्र, बुवापाड्याने केली ती बुवाबाजी! त्याआधी फ्रान्सचे गुस्ताव्ह ल ग्रे लाटा एका निगेटिव्हवरून आणि ढग दुसरीवरून छापत. त्या वेळच्या काचा निळ्या रंगाला इतक्या हळव्या, की समुद्र नीट यावा तर आभाळ कोरं पडायचं. म्हणजे डोळ्यांना दिसतं तसं दाखवायलाच त्यांना जोडावं लागलं. माझं भांडण जोडण्याशी नाही. जोड लपवून वर सत्याचा टिळा लावण्याशी आहे. यात जॉन्सनसाहेबही सुटत नाहीत.

आता तर मोबाइलवर बोट फिरवलं की विजेच्या तारा जातात, माणसं जातात, आणि शिवणही उरत नाही. नदीला मात्र फोटोतून पुसल्याचा काही उपयोग होत नाही. २०१४ साली याच वालधुनीत सोडलेल्या रसायनाचा वायू पसरला आणि उल्हासनगरातल्या शेकडो लोकांना दवाखाना गाठावा लागला. चार पावलं सरकायला कुणाला सवड मिळाली नाही.

आमच्या भिंतीवर आई-वडिलांचा फोटो आहे. दोघं जोडीने कधी फोटोला बसलेच नाहीत. वडील गेल्यावर स्टुडिओवाल्याने त्यांचा ओळखपत्रावरचा फोटो आणि आईचा कुणाच्या तरी लग्नातला, असे कापून जोडून दिले. वडिलांवर उजेड उजवीकडून, आईवर डावीकडून. खांद्याला खांदा लागतो तिथे काळी रेघ. आई रोज सकाळी पदराने ती काच पुसायची आणि रेघेवर जरा जास्तच वेळ पदर फिरवायची. रेघ आत होती, ती काय पुसली जाणार!

परीक्षकांनी एकदा अवश्य आमच्याकडे यावं, चहा घ्यावा, आणि त्या फोटोपुढे उभं राहून 'फसवणूक' हा शब्द पुन्हा म्हणून दाखवावा. मग मी त्यांना वालधुनीच्या काठी घेऊन जाईन. कॅमेरा त्यांचाच. फक्त डावीकडे मी उभा राहीन.