ट्यूब राहू दे, आधी सतरंजी अंथर

गेल्या रविवारी सकाळी, चहाचा दुसरा कप हातात असताना, मित्राचा फोन.

"अरे, जुन्या इंग्लिश बनावटीच्या ट्यूबची जोडी मिळतेय. अठरा हजार. घेऊ का?"

"का?"

"सिस्टीम कर्कश वाजतेय रे."

थोडी पार्श्वभूमी सांगतो. या गृहस्थाने मागच्या दिवाळीचा अख्खा बोनस उडवून आठ वॉटचा ट्यूब अँप घेतला. घेतला तो वडिलांसाठी. काका रिटायर झाल्यापासून दिवसभर घरी असतात, लता आणि भीमसेन म्हणजे जीव की प्राण. आणि आता अवस्था अशी की सिस्टीम लागली की काका उठून बाल्कनीत जातात. "त्यापेक्षा मोबाईलवर बरं ऐकू येतं," असं मुलाच्या तोंडावर म्हणून झालंय. उपाय म्हणून आजवर तीनदा केबल बदलल्या. आता पाळी ट्यूबची.

मी फोनवर जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यातलं लिहिण्यासारखं ते लिहितो.

हाच माणूस ऑफिसात सर्व्हर झोपला की ज्युनिअर पोरांवर खेकसतो, "एका वेळी एकच गोष्ट बदला, आधी लॉग बघा!" घरी आला की मात्र निदानाआधीच ऑपरेशन. आणि विकणारे तर टपलेलेच असतात. कर्कश वाजतंय? ही केबल घ्या. अजून कर्कश? ही ट्यूब घ्या. "साहेब, स्पीकर भिंतीपासून जरा पुढे ओढून बघा" हे कोण कशाला सांगेल, त्याचं बिल होत नाही ना!

मुळात "ट्यूब म्हणजे गोड" हा समज आला कुठून? आपल्याकडे तरी आजोबांच्या व्हॉल्वच्या रेडिओवरून. पण मंडळी, त्या रेडिओवर मिडियम वेव्ह लागायचं, आणि मिडियम वेव्हवर जेमतेम साडेचार-पाच किलोहर्ट्झपर्यंतचाच आवाज येतो. 'स' आणि 'श'ची धार, झांजेची किणकिण यातलं बरंचसं त्याच्या वर असतं. कर्कश व्हायला लागतं ते सामानच त्या पेटीत पोचत नव्हतं! गोडवा ट्यूबचा नव्हता, गाळणीचा होता. चांगला ट्यूब अँप गाळणी नसतो. दिलंय ते वाजवतो, वर थोडं स्वतःचं घालतो. हे "स्वतःचं" काय, ते पुढे येईलच.

आधी खोली. मित्राचा हॉल म्हणजे पुण्यातल्या कुठल्याही नव्या फ्लॅटचा हॉल. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, एका बाजूला काचेचा सरकता दरवाजा, समोर कोरी भिंत. मध्ये उभं राहून टाळी वाजवली तर टर्र्र असा धातूसारखा आवाज परत येतो. तीच टर्र्र लताच्या प्रत्येक वरच्या सुरावर चढते. अशा खोलीत कुठलीही ट्यूब घाला, बाथरूममध्ये गायल्यासारखंच वाजणार. जमिनीवर जाड सतरंजी, काचेवर पडदा, समोरच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट. खर्च शून्य, कारण सतरंजी माळ्यावर असतेच.

आता खरी गंमत. ट्रान्झिस्टर अँपचा आउटपुट इम्पीडन्स नगण्य असतो, ट्यूब अँपचा नसतो. फीडबॅक नसलेल्या छोट्या ट्यूब अँपमध्ये तो सहज अडीच ओहम भरतो. आणि स्पीकरवर "८ ओहम" छापलेलं असलं तरी तो सगळीकडे ८ नसतो. समजा खालच्या मधल्या पट्टीत ५ आहे आणि क्रॉसओव्हरजवळ, दोन किलोहर्ट्झच्या आसपास, २०. गणित शाळेतलंच आहे: एका ठिकाणी स्पीकरला व्होल्टेजचा ५/७.५ हिस्सा मिळतो, दुसऱ्या ठिकाणी २०/२२.५. फरक अडीच डेसिबल. म्हणजे कुणी न विचारता तुमच्या इक्वलायझरची एक पट्टी वर ढकलून ठेवलीय, तीही कान जिथे सगळ्यात हळवा असतो त्याच्या आसपास. ट्यूब बदलून हे जवळपास तसंच राहणार. पण स्पीकरची वायर ८ ओहमच्या टॅपवरून ४च्या टॅपवर लावली तर आउटपुट इम्पीडन्स साधारण अर्धा होतो आणि तोच फरक १.४ डेसिबलवर येतो. थोडी पॉवर जाते, पण पैसे जात नाहीत. (अँप बंद करून मगच वायर हलवायची. स्पीकर न जोडता ट्यूब अँप कधीही चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि बुडाचं झाकण तर उघडूच नका. आत तीन-चारशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये दबा धरून बसतात.)

मीटर होताच म्हणून भिंतीतलं व्होल्टेज बघितलं. २४६. अँपच्या मागे लिहिलंय २२०. म्हणजे ६.३ व्होल्टचा फिलामेंट सात व्होल्टवर जळतोय. त्यामुळे आवाज कर्कश होईलच असं नाही, पण ट्यूब लवकर म्हाताऱ्या होतात. मग सहा महिन्यांनी "ट्यूबच खराब होती बघ" हे भाकीत आपोआप खरं!

ट्यूब कधीच खराब नसते असं मी म्हणत नाहीये. पण तपासायला अठरा हजार लागत नाहीत. अँप ऑटो बायसचा असेल तर, थंड झाल्यावर, डाव्या-उजव्या बाजूच्या ट्यूब आपसात बदला. दोष ट्यूबबरोबर दुसऱ्या स्पीकरवर गेला तर ट्यूब दोषी. जागचा हलला नाही तर ट्यूब निर्दोष, तिला सोडा. आणि पहिल्या दिवसापासून दोन्हीकडून सारखंच कर्कश येत असेल, तर दोन्ही बाजूंच्या ट्यूब एकदम, सारख्याच बिघडल्यात यावर तुमचा खरंच विश्वास बसतो?

यावर नेहमीचं उत्तर येतं: "कान हाच खरा मीटर." मान्य! पण मग कानाला न्याय तरी द्या. ट्यूब बदलायची तर अँप बंद, थंड, अदलाबदल, पुन्हा गरम, यात पंधरा मिनिटं जातात. पंधरा मिनिटांपूर्वीच्या 'स'ची धार कुणाला आठवते? त्यात दुसऱ्या वेळी आवाज डेसिबलभर मोठा असेल तर तोच "जास्त मोकळा" वाटणार. आणि अठरा हजार मोजल्यावर तर वाटलंच पाहिजे.

असो. दुपारी गेलो, सतरंजी अंथरली, स्पीकर दीड फूट पुढे ओढले, वायर ४वर लावली. काकांना काही सांगितलं नाही. भीमसेनांचा जुना पुरिया लावला. काका पेपर घेऊन आले, बसले, अर्ध्या तासाने पेपर खाली ठेवला. एका जुन्या सिनेगीताच्या सीडीवर मात्र भुवया वर गेल्या. ती सीडी मुळातच तशी आहे, तिला इलाज नाही.

मग म्हणाले, "जरा मोठा कर रे." मोठा केला तर तानेवर आवाज फाटायला लागला. साहजिक आहे. स्पीकर ८६ डेसिबलचे, अँप आठ वॉटचा, म्हणजे एक मीटरवर फार तर ९५. काकांना मैफलीसारखं हवंय. सध्या मित्र जास्त सेन्सिटिव्हिटीचे जुने स्पीकर शोधतोय. ट्यूब त्याच आहेत.